मार्थाबाईंचा डावा हात

माझी धाकटी मुलगी पेटीवर गाणे शिकते. काल तिच्या मास्तरांनी तिला एकाच ओळीत नऊ वेळा थांबवले. मी शेजारच्या खोलीत कागद चाळत होतो, पण मोजायची सवय सुटत नाही. नवव्यांदा ते म्हणाले, "गळा आहे की फुटकं मडकं?" पोरगी रडली नाही. पुढे मात्र ती ओळ तिने इतक्या हळू म्हटली की चूक की बरोबर हे कोणाला कळूच नये. मास्तर गेल्यावर मी कागदच चाळत राहिलो. कचेरीच्या कामाने अंग आंबले होते. पण जेवताना सारखे मनात येत राहिले की मार्थाबाई असत्या तर त्यांनी पोरीला एकदाही थांबवले नसते. चष्मा काढून बाजूला ठेवला असता, "हं, चला" म्हटले असते, आणि पोरीचा सूर जिथे घसरतो तिथे त्याच्याखाली आपलेच काहीतरी सरकवले असते.

मार्थाबाईंची सबंध हकीकत मला ठाऊक नाही. त्यांचा जन्म कधीचा, नवरा कसा गेला, हे मी कधी विचारले नाही. मी पाहिले तेवढेच सांगतो.

मी तेव्हा सत्तावीस वर्षांचा होतो. धार दरबारच्या मोजणी कचेरीत कारकून होतो आणि आठवड्यातून तीन दिवस तिसऱ्या प्रहरी मिशनच्या मुलींच्या शाळेत गणित शिकवायला जात असे. घरी हे कोणालाच पसंत नव्हते. आत्या मला मागच्या दाराने घ्यायची आणि पाण्याची बादली पुढे सरकवायची. "आलास का ख्रिस्तावांची बेरीज करून? आधी नाहा. मग काय ते बोल."

शाळेत एकतीस मुली होत्या. साऱ्या संवत छप्पनच्या दुष्काळात उचलून आणलेल्या. कोणी बदनावरकडची, कोणी धरमपुरीकडची, चारपाच मांडूच्या डोंगरातल्या भिल्लांच्या. त्यांचे जेवणखाण, दुखणीखुपणी, वेण्याफण्या सगळे मार्थाबाईंकडे. बाई नगरकडच्या. आई तिकडे एका मडमेच्या घरी आया होती, आणि मडमेच्या मुलींना पियानो शिकवायला कोणी येई तेव्हा ही दाराशी बसून बघत असे. असे बघून बघून शिकलेल्या. उंचीला कमी, अंगाने रोड, नऊवारी लुगडे, आणि डोळ्यांखाली कायमची काळी वर्तुळे. पहाटे चारला जात्यापाशी, आणि मी तीन वाजता जाई तेव्हा कोठीच्या उंबऱ्यावर बसून तांदूळ निवडत असत. "दमले हो मास्तर," हे त्यांचे पहिले वाक्य. त्यात तक्रार नसे. आपण "तीन वाजले" म्हणतो तसे त्या "दमले" म्हणत, आणि पुढचे काम हाती घेत.

त्यांच्याशी माझी खरी ओळख एका वजाबाकीने झाली. मी फळ्यावर गणित घातले होते: एका शाळेत चाळीस मुली होत्या, सात गेल्या, तर किती उरल्या? साधे गणित. पण वर्ग गप्प. मी पुन्हा वाचून दाखवले. मागच्या रांगेतल्या एकीने डोक्यावरून पदर ओढून घेतला. मी रागावणार इतक्यात बाई दारातून आत आल्या, फळा पुसला आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, "मास्तर, वजाबाकी आंब्यांची घाला. माणसांची घालू नका." मग बाहेर जाऊन पुन्हा तांदूळ निवडू लागल्या. दुष्काळाच्या वर्षी तिथे शेहेचाळीस मुली आणल्या होत्या, हे मला नंतर चौकीदार भेरूकडून कळले.

पियानो प्रार्थनेच्या दालनात होता. महूच्या छावणीतल्या कोणा साहेबाने विलायतेला परतताना तो मिशनला देऊन टाकला होता. बैलगाडीतून येताना त्याच्या दोन पट्ट्या मुक्या झाल्या. पट्ट्या एकंदर पंच्याऐंशी. मी मोजल्या आहेत. वाळवीमुंग्या चढू नयेत म्हणून त्याचे पाय पाण्याच्या डब्यांत ठेवलेले असत, आणि ते डबे बाई स्वतः भरत. उन्हाळ्यात लाकूड तडकू नये म्हणून आत एक ओले फडके टांगत. "म्हाताऱ्याला पाणी पाजून येते," म्हणत.

नाताळच्या गाण्यांची तयारी दिवाळी उरकली की सुरू होई. विलायती चालींची गाणी, शब्द हिंदी. मुलींनी त्यांना आपली नावे ठेवली होती: मेंढपाळांचे गाणे, ताऱ्याचे गाणे, गोठ्याचे गाणे. एके दिवशी वर्ग संपल्यावर मी ऐकत उभा राहिलो. बाईंच्या पुढ्यात छापील पुस्तक उघडे होते आणि चष्मा काढून पुस्तकाच्या डोक्यावर ठेवलेला होता.

मी विचारले, "बाई, चष्म्याशिवाय दिसतं का?"

"नाही."

"मग पुस्तक कशाला?"

"पुस्तक मडमेसाठी आहे," बाई म्हणाल्या. "मी पोरींकडे बघते."

मला गाण्यातले काही कळत नाही. पण आकड्यातले कळते, म्हणून त्यांनी मला आकड्यांनीच समजावले. मी डावीकडून पट्ट्यांना क्रमांक दिले, एक ते पंच्याऐंशी. मेंढपाळांच्या गाण्यात तिसऱ्या ओळीत चाल वर चढते. तिथे पुस्तकाप्रमाणे शेहेचाळीसवी पट्टी, म्हणजे काळी. मुली मात्र नेमाने तिच्या शेजारची पांढरी पंचेचाळीसवी गात. एकतीसच्या एकतीस. कोणी शिकवले नव्हते. जात्यावरच्या, लग्नातल्या गाण्यांत त्यांच्या आयांनी तो सूर तसाच लावलेला, तो गळ्यात बसून आला होता. गेंदी नावाची थोरली मुलगी होती, बदनावरकडची. मिशनने तिचे नाव बदलले होते, पण बाई तिला गेंदीच म्हणत. तिचा गळा सगळ्यांत मोकळा. ती मला म्हणाली, "मास्तरसाब, वो काला वाला सुर म्हारा गळा में नी बैठे. चुभे."

आता पियानोवर उजवा हात चाल वाजवतो आणि डावा हात खाली तीनतीन पट्ट्या एकदम दाबून तिला आधार देतो. पुस्तकात त्या जागी डाव्या हाताला तीस, चौतीस, सदतीस. त्यावर मुलींचा पांढरा सूर ठेवला की तो उघडउघड चुकलेला वाटे. बाई तिथे तेहेतीस, सदतीस, चाळीस वाजवत. तोच चुकलेला सूर मग असा वाटे की गाणे बांधणाऱ्याने तो तिथेच बसवला असावा. मी पुन्हा पुन्हा वाजवून घेतले. एकच सूर, खालच्या पट्ट्या बदलल्या की एकदा अपराधी, एकदा घरचा.

"हे तुम्ही कुठं शिकलात?" मी विचारले.

"पोर बसलंय तिकडं पाट सरकवायचा," बाई म्हणाल्या. "जेवणाऱ्या पोराला कशाला उठवायचं? आधीच मुश्किलीनं जेवतंय."

त्या वर्षी त्यांच्या डाव्या हाताची बोटे सुजू लागली होती. सकाळी कोमट मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवत, मग ती उघडत. एकदा हात पुशीत म्हणाल्या, "मास्तर, तुम्ही आकडे मांडता ना? हे मांडून ठेवा. माझ्या बोटांचं काही खरं नाही." मग मी एका वहीत तिन्ही गाण्यांचा त्यांचा डावा हात आकड्यांत उतरवला. एका गाण्याला चार बैठका लागल्या, कारण त्या दर कडव्याला काहीतरी बदलत. मी कुरकुरलो की म्हणत, "दुसऱ्या कडव्याला पोरी दमतात. तिथं थोडं हलकं नको का?"

नवी मडम त्याच वर्षी आली. ती वाईट नव्हती. नियमाची होती, बरीचशी माझ्यासारखी. नाताळला पंधरा दिवस राहिले असताना ती तालमीला बसली, आणि तिसऱ्या ओळीला तिने पेन्सिल आपटली. मी दाराशी होतो.

"मार्था, ये किताब में नहीं है."

"नहीं है, मडम."

"लडकियाँ गलत गाती हैं और तुम उस गलती पर बाजा बजाती हो."

मडमेने सरळ सांगितले: नाताळच्या सकाळी इंदूरहून मिशनचे मोठे साहेब येणार आहेत. गाणे पुस्तकाप्रमाणे झाले तर ठीक. नाही झाले तर पुढे पियानोवर दुसरे कोणी बसेल, मुली नुसत्या ऐकतील, आणि मार्थाला देवासला पाठवण्यात येईल. तिथे लहान मुली सांभाळायला बाई हवीच आहे.

"बरं मडम," मार्थाबाई म्हणाल्या आणि झाकण लावले.

त्यांचे ते "बरं" मी खरे धरले. आता बाई पुस्तकातले वाजवणार, हे मी गृहीत धरले. उरला प्रश्न मुलींचा. दुसऱ्याच दिवशी दालनाची सफेदी सुरू झाली, पियानोवर ताडपत्री पडली आणि तालमी बंद झाल्या. मला वाटले, ही संधी. भजनी मंडळातल्या एका मित्राची पेटी मी मागून आणली आणि गणिताच्या तासाला नऊ खणखणीत गळ्याच्या मुली, बाईंच्या कानावर जाऊ नये म्हणून, आवाराच्या पार टोकाला नेल्या. तीन दिवसांऐवजी रोज जाऊ लागलो. बारा दिवस. रोज तो काळा सूर चाळीस वेळा. कोणाचा पाचव्या दिवशी बसला, कोणाचा नवव्या. गेंदीचा अकराव्या दिवशी, तोही डोळे मिटून, कडू औषध घेतल्यासारखा. बाईंना सांगायचे नाही, असे मी बजावले होते. त्यांना आनंदाचा धक्का द्यायचा होता, आणि खरे सांगायचे तर, त्यांना मी वाचवतो आहे याचे मला आतून फार बरे वाटत होते.

शेवटच्या दिवशी गेंदीने विचारले, "पण मास्तरसाब, बाई नीचे क्या बजाएगी?"

"पुस्तकात आहे ते."

"बाई ने बोल्यो?"

"मडमेपुढे कबूल केलंय त्यांनी."

आकड्यांवर जगणाऱ्या माणसाने अर्धे गणित न सोडवता उत्तर लिहून टाकले होते, आणि ते पंधरा वर्षांच्या गेंदीला दिसत होते.

नाताळची सकाळ. नव्या चुन्याचा वास, झेंडूच्या माळा. मोठे साहेब पुढच्या खुर्चीवर, शेजारी मडम. मी दाराबाहेर, भेरूच्या बाजूला. बाईंनी चष्मा काढला, पुस्तकाच्या डोक्यावर ठेवला. चष्म्याशिवाय त्यांना पुस्तक दिसत नाही, हे मला तेव्हा आठवले.

पहिल्या कडव्याची तिसरी ओळ आली. नऊ मुलींनी काळा सूर लावला, बावीस मुलींनी पांढरा, आणि खाली बाईंनी पांढऱ्यासाठी मांडलेल्या आपल्या तीन पट्ट्या दाबल्या. जे निघाले त्याला मी आवाजच म्हणेन. मागच्या सतरंजीवर कोणीतरी हसले. मोठ्या साहेबांनी मान वळवली. बाईंची पाठ मला दिसत होती. ती ताठ झाली.

त्यांना काय झाले ते लगेच कळले असावे, कारण दुसऱ्या कडव्याला त्यांनी डावा हात पुस्तकावर आणला: तीस, चौतीस, सदतीस. पण पहिल्या कडव्याने माझ्या नऊ मुली घाबरल्या होत्या. त्या आपल्या जुन्या सुरावर पळाल्या. आता एकतीसही पांढऱ्यावर, आणि बाई काळ्याखाली. पुन्हा तेच. भेरू माझ्या कानाशी म्हणाला, "मास्तरसाब, आज तो बाजो ने छोर्यां आपस में लडी पड्या!"

तिसरे कडवे. बाईंनी डावा हात उचलला आणि मांडीवर ठेवला. मला वाटले, संपले. पण ती जागा आली तेव्हा उजवा हात थांबला, डावा परत वर आला आणि त्याच्या एकाच बोटाने एकच पट्टी दाबली. मी वही पाठ केलेली, आणि बोट कुठे पडले ते दारातून दिसले. ती सदतीसवी होती. पुस्तकाच्या तिनांत सदतीस आहे, बाईंच्या तिनांतही सदतीस आहे. दोघांत सारखी तेवढी एकच. त्या एका बोटावर काळा गाणारीही उभी राहू शकत होती आणि पांढरा गाणारीही. मुलींनी मान वर केली. जिने जे गायले ते निभले. चौथे कडवेही तसेच झाले, एका बोटावर.

पण ते ऐकायला मडमेचे लक्ष आता जागेवर नव्हते. आठ दिवसांनी देवासचा हुकूम आला. पियानोवर धाकट्या पाद्र्याची बायको बसू लागली. ती पुस्तकाप्रमाणे अचूक वाजवी. मुली सतरंजीवर बसून ऐकत.

मी वही घेऊन टांग्यापाशी गेलो होतो. पेटीचे सगळे सांगायचे ठरवून गेलो होतो. बाईंचे सामान म्हणजे एक वळकटी आणि एक पत्र्याची पेटी. मुली फाटकाशी उभ्या होत्या. बाई वहीकडे बघून म्हणाल्या, "तुमच्याकडंच राहू द्या. तिकडं पियानो नाही." मग "दमले हो," म्हणून टांग्यात बसल्या. माझे सांगायचे राहून गेले. शाळेत आणखी सहा महिने गेलो, मग कचेरीचे काम वाढल्याचे सांगून सोडले. कामाचे कारण खोटे होते.

देवासला जायला मला सहा वर्षे लागली. तिथे एका गावात दोन राज्ये. एका रस्त्याची एक बाजू थोरल्या पातीची, दुसरी धाकट्या पातीची. कोठल्याशा गटाराची मोजणी कोणी करायची यावरून तंटा होता, आणि बाहेरचा मोजणीदार म्हणून मला बोलावले होते. काम तिसऱ्या दिवशी आटपले. चौथ्या दिवशी मी पत्ता काढीत गेलो. दोन खोल्या, पुढे लाकडी फळ्यांचा ओटा. बाई ओट्यावर बसल्या होत्या, केस पूर्ण पांढरे. गेंदी त्यांच्याजवळ राहत होती. तिथल्या शाळेत शिकवत होती, तिला एक वर्षाची मुलगी होती.

"मोजा, मोजा," मला पाहून बाई म्हणाल्या. "इथं झोपले की माझं डोकं थोरल्या पातीत आणि पाय धाकट्या पातीत. कर कुणाला द्यायचा ते सांगा."

डावा हात मांडीवर होता. बोटे तळव्याकडे वळून तशीच राहिली होती. पहिले बोट तेवढे सरळ.

गेंदीने चहा दिला. चहा संपेपर्यंत मी गटाराबद्दल बोललो. मग एका दमात सगळे सांगितले: पेटी, नऊ मुली, बारा दिवस, रोज चाळीस, एकूण चारशे ऐंशी वेळा.

बाई म्हणाल्या, "आकडा मला ठाऊक नव्हता. बाकी सगळं त्याच सकाळी कळलं. तोच एक सूर रोज चाळीस वेळा घोकून घेणारा धारमध्ये दुसरा कोण होता?"

"तुम्ही मडमेला 'बरं' म्हणालात. मला वाटलं..."

"मडमेला आणखी काय म्हणणार?" त्या थांबल्या. दम लागला होता. "पोरींना वाचवायला मी माझं वाजवलं. मला वाचवायला तुम्ही त्यांना तुमचं शिकवलं. एकमेकांना विचारलं असतं तर दोन घटकांचं काम होतं."

"मी विचारायला हवं होतं."

"हो," बाई म्हणाल्या. तो शब्द त्यांनी मऊ केला नाही. मग म्हणाल्या, "सूर तुम्ही चांगला बसवला होता हो. गेंदीला आता दोन्ही येतात."

मी वही पुढे केली. त्यांनी चष्मा लावून दोन पाने उलटली आणि हसल्या. "हे गाणं आहे की शेताची मोजणी?" वही त्यांनी गेंदीकडे दिली. या खेपेला परत केली नाही.

त्यानंतर मी त्यांना पाहिले नाही. त्या गेल्याचे पत्र गेंदीने घातले, तेही मला उशिरा मिळाले.

त्या दिवशी मी निघालो तेव्हा ऊन उतरले होते. टांगेवाला घोड्याला पाणी पाजत होता, म्हणून मी रस्त्यावर थांबलो. मागे गेंदी पोरीला मांडीवर घेऊन थोपटत होती आणि मेंढपाळांचे गाणे म्हणत होती, अगदी सावकाश. बाई ओट्याच्या कडेला भिंतीला टेकून बसल्या होत्या, डोळे मिटलेले. झोपल्याच आहेत असे मला वाटले. तिसरी ओळ आली. गेंदी आपल्या पांढऱ्या सुरावर गेली, आईच्या. बाईंनी डोळे उघडले नाहीत. त्यांचे ते एकच सरळ बोट मांडीवरून उचलले गेले, ओट्याच्या फळीवर टेकले, आणि ओळ संपेपर्यंत दाबलेले राहिले.